कोरोनाचा काटा मोबाईलवर फिरवून बघा! व्हायरसचं थ्रीडी मॉडेल बनतं कसं?

राखाडी चेंडू आणि त्यावर लाल काटे. कोरोनाचं हे चित्र आपण असंख्य वेळा पाहिलंय. पण तो कॅमेऱ्याने काढलेला फोटो नाही, कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र आहे. मग काट्याचा खरा आकार शास्त्रज्ञांना कळला कसा? आणि कळून फायदा काय? चला, सोप्या भाषेत बघूया.

स्पाइक प्रोटीन म्हणजे काय?
हा काटा म्हणजेच स्पाइक प्रोटीन. आपल्या पेशीत शिरायला व्हायरस तोच वापरतो. एका काट्यात ३ सारख्या साखळ्या असतात आणि प्रत्येक साखळीत १,२७३ अमिनो आम्लं, माळेतल्या मण्यांसारखी. जानेवारी २०२० मध्ये व्हायरसचा जनुकीय कोड जाहीर झाला आणि मण्यांचा क्रम कळला. पण नुसता क्रम पुरत नाही. माळ दुमडून नेमकी कशी बसते, हे महत्त्वाचं.

मॉडेल कसं बनलं?
ऑस्टिनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या टीमने हे प्रोटीन झटकन गोठवलं आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याच्या ढीगभर प्रतिमा घेतल्या. कॉम्प्युटरने त्या जुळवून थ्रीडी नकाशा तयार केला. फेब्रुवारी २०२० मध्येच तो प्रसिद्ध झाला!

पण काटा स्थिर नसतो, त्याचं टोक उघडतं-मिटतं. ती हालचाल बघायला सिम्युलेशन लागतं. प्रत्येक अणूवर किती ओढ आहे हे मोजायचं, त्याला किंचित सरकवायचं, पुन्हा मोजायचं. काम प्रचंड! ‘फोल्डिंग ॲट होम’ प्रकल्पात १० लाखांहून जास्त लोकांनी आपले कॉम्प्युटर यासाठी वापरू दिले. एवढं करून व्हायरसच्या सगळ्या प्रोटीन्सची मिळून किती हालचाल बघता आली? फक्त ०.१ सेकंद!

याचा उपयोग काय झाला?
वाऱ्याने छत्री उलटी होते, तसा पेशीत शिरताना काट्याचा आकार पालटतो. लसीने शरीराला ओळख करून द्यायची ती पालटण्याआधीच्या आकाराची. म्हणून ९८६ आणि ९८७ क्रमांकाचे मणी बदलून तिथे प्रोलीन हे ताठर अमिनो आम्ल बसवलं. काटा जागच्या जागी लॉक! ही युक्ती आधी मर्स या दुसऱ्या कोरोना व्हायरसवर वापरून झाली होती. फायझर, मॉडर्ना आणि पुण्यात सीरमने बनवलेल्या कोवोव्हॅक्समध्ये ती आहे. कोविशील्डमध्ये मात्र नाही.

माझ्या मते एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. स्क्रीनवरचं मॉडेल हा पुराव्यावर बांधलेला अंदाज असतो. लस खरंच चालते का, ते प्रयोगशाळेत आणि माणसांवरच्या चाचण्यांतच ठरतं.

आता तुम्ही करून बघा! ब्राउझरमध्ये ‘प्रोटीन डेटा बँक’ शोधा, तिथे इंग्रजीत ‘सिक्स व्ही एस बी’ हा कोड टाका आणि थ्रीडी व्ह्यू उघडा. सगळं फ्री आहे, ॲपही नको. जगाला घरात बसवणारा तो काटा बोटाने हवा तसा फिरवा!