कारवान: दख्खनच्या माळावरचा शिकारी

परवा सांगोल्याजवळ मेंढरांच्या कळपामागे एक देखणा कारवान दिसला. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. नजर थेट लांबवर!

हा वासापेक्षा नजरेवर शिकार करणारा कुत्रा. पश्चिम आणि मध्य आशियातल्या सालुकी, ताझी यांच्या कुळातला. व्यापारी तांडे आणि फौजांबरोबर तो दख्खनमध्ये आला असं मानतात.

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज याला त्यांनी एक जोडी भेट दिली. म्हणूनच कारवानचं दुसरं नाव ‘मुधोळ हाउंड’! 2005 मध्ये त्याचं टपाल तिकीट निघालं, पुढे लष्करानेही तो प्रशिक्षणासाठी घेतला.

फ्लॅटमध्ये बांधून ठेवायचा हा कुत्रा नाहीच. त्याला रोज मोकळं धावायला हवं. पाळायचा विचार असेल तर आधी मला जरूर विचारा.