वीज खरंच पाण्यासारखी वाहते का?

गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत पाटाच्या पाण्यात एक काडी टाकून पाहा. मधोमध टाकली तर झपाझप पुढे जाते, काठाजवळ टाकली तर रेंगाळते. काठाशी पाणी घासून मंदावतं आणि शेजारच्या पाण्यालाही मागे ओढतं.

तारेतली वीजही अशीच वाहते, असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण साध्या तारेत तसं होत नाही.

मग तारेत काय होतं?
तारेतले इलेक्ट्रॉन एकमेकांपेक्षा थरथरणाऱ्या अणूंवर आणि धातूतल्या अशुद्धींवर जास्त आपटतात. खांबच खांब असलेल्या मंडपातून प्रत्येकाने आपापली वाट काढावी, तसं. हाच विजेचा रोध. याच आपटण्यामुळे तार तापते आणि आपला मोबाईलही गरम होतो.

इलेक्ट्रॉनचं ‘पाणी’ कधी होतं?
पदार्थ इतका शुद्ध हवा की इलेक्ट्रॉन इतर कशाहीपेक्षा एकमेकांनाच जास्त धडकतील. सोव्हिएत शास्त्रज्ञ रादी गुरझी यांनी 1963 मध्येच हे भाकीत केलं होतं. तसा पदार्थ म्हणजे ग्राफिन, कार्बनचा फक्त एका अणूइतका जाड थर.

2016 मध्ये मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांना त्यात इलेक्ट्रॉनचे भोवरे असल्याची खूण मिळाली: काही ठिकाणी प्रवाह चक्क उलटा फिरत होता. हा द्रव मधापेक्षाही चिकट निघाला.

चिकट, तरी वेगवान?
हो, हीच गंमत आहे. 2017 मध्ये दिसलं की अरुंद फटीतून जाताना या इलेक्ट्रॉनना अपेक्षेपेक्षा कमी रोध होतो. काठाजवळचे मंदावतात, पण मधले त्यांच्या आडोशाने काठाला न धडकता निसटतात. थोडी उष्णता वाढवली तर रोध आणखी घटतो. साध्या तारेत नेमकं उलटं होतं.

भारतात काय सापडलं?
धातूत वीज आणि उष्णता यांचं वहन ठराविक प्रमाणात असतं, असा 1853 पासूनचा नियम आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसोबत अतिशुद्ध ग्राफिन तपासलं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कमी तापमानात हा नियम 200 पटींहून जास्त फरकाने मोडलेला आढळला.

मोबाईल गार राहील का?
लगेच नाही. हे प्रयोग केसाच्या जाडीहून लहान तुकड्यांवर होतात आणि घरातल्या तांब्याच्या तारेत असं घडत नाही. आधी उपयोग होईल तो अतिसूक्ष्म विद्युत संकेत टिपणाऱ्या सेन्सरमध्ये, अशी आशा आहे.