अहिल्यानगर जिल्हा

महाराष्ट्र राज्यातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. क्षेत्रफळ १७,०४८ चौ. किमी.; लोकसंख्या ४५,४३,१५९ (२०११). याच्या उत्तरेस नासिक, ईशान्येस छत्रपती संभाजीनगर, पूर्वेस बीड, आग्नेयीस धाराशिव, दक्षिणेस सोलापूर, पश्चिमेस पुणे व वायव्येस ठाणे हे जिल्हे आहेत. जिल्ह्यात १४ तालुके असून अहिल्यानगर हे मुख्य ठिकाण आहे. अहमदनगर हे पूर्वीचे नाव २०२४ मध्ये बदलण्यात आले.

भूवर्णन : जिल्ह्याची भूमी बेसाल्ट खडकाची आहे. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर असून राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.), हरिश्चंद्रगड व रतनगड त्यात येतात. सह्याद्रीचे फाटे पूर्वेकडे उतरत जाऊन पठारात विलीन होतात. उत्तर भाग गोदावरीच्या, तर दक्षिण भाग भीमेच्या खोऱ्यात मोडतो. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा मुळेचे पाणी घेऊन नेवासे तालुक्यात गोदावरीस मिळते. सीना, घोड व कुकडी या भीमा खोऱ्यातील नद्या होत. नदीकाठची जमीन काळी व कसदार, तर पठारावरील हलकी व मुरमाड आहे.

हवामान : नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतील बहुतेक बाष्प सह्याद्रीच अडवीत असल्याने घाटमाथ्यावरील घाटघर परिसरात ४०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो; परंतु जिल्ह्याची सरासरी सु. ५८ सेंमी. आहे. पूर्व व दक्षिणेकडील तालुके पर्जन्यछायेत येतात. हा प्रदेश वाळवंट नव्हे. तथापि येथील पाऊस अत्यंत अनिश्चित असल्याने अवर्षण वारंवार येते. १९७२ च्या दुष्काळाची झळ जिल्ह्यास तीव्रतेने लागली. ज्वारी व बाजरी ही कोरडवाहू भागातील मुख्य पिके होत.

जलसिंचन : प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांमुळे प्रवराकाठी ऊसशेती फोफावली. त्यातूनच विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. पुढे बारागाव नांदूर येथील मुळा धरणामुळे राहुरी, नेवासे आदी तालुक्यांत सिंचन वाढले. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ मध्ये झाले. अशा रीतीने एकाच जिल्ह्यात ऊसाचे बागायती पट्टे आणि टँकरवर विसंबणारी गावे शेजारी नांदतात.

पाणीवाटप हा येथील कळीचा प्रश्न आहे. जायकवाडी जलाशयात पुरेसा साठा नसल्यास वरच्या अंगाच्या नासिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडावे लागते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमातील समन्यायी वाटपाचे तत्त्व यामागे असून त्यावरून दोन्ही बाजूंत वाद उद्‌भवतात. धरणांपासून दूर असलेल्या गावांनी निराळा मार्ग चोखाळला आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९९० च्या दशकात पाणलोट क्षेत्र विकासाची कामे झाली. हिवरे बाजार येथे पावसाच्या मोजणीनुसार पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली जातात व शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास मनाई आहे. मोठ्या धरणाविनाही, वापरावर मर्यादा घातल्यास अल्प पावसात गाव तरू शकते, हे या गावांनी दाखवून दिले आहे.