टिटवाळ्याच्या व्यासपीठामागचे कॉलेज

7 जानेवारी 1945 रोजी टिटवाळ्यात किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन भरले. महागणपतीच्या या गावात त्या दिवशी उंबरगाव तालुक्यातून काही वारली आदिवासी आले होते. त्यांच्यातला माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहिला आणि त्याने वेठबिगारीची हकिकत सांगितली. त्याला तिथवर आणणाऱ्या चळवळीत गोदावरी परुळेकर होत्या. पुढे मे महिन्यात झरीला पाच हजार वारली जमले, ऑक्टोबरात तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला. हे सारे वाचकांना ठाऊक आहे.

मला ओढ होती ती त्याआधीच्या गोदावरी गोखलेची. 1907 साली जन्मलेली, पुण्यातल्या नामांकित वकिलाची मुलगी. तिने फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेतले, मग कायद्याची पदवी मिळवली. कायद्याची पदवी घेणारी ती महाराष्ट्रातली पहिली स्त्री मानली जाते. अशा मुलीचा कॉलेजातला दिवस कशाने घडत असेल, याचा माग काढताना मी कर्वे आणि परांजपे या दोन घरांत शिरले आणि तिथेच बराच काळ रेंगाळले.

त्या काळी पुण्यातल्या शिकू पाहणाऱ्या मुलीपुढे दोन वाटा होत्या. एक फर्ग्युसनची: मुलांच्या वर्गात बसायचे, व्याख्याने इंग्रजीत ऐकायची, परीक्षा मुंबई विद्यापीठाची द्यायची. दुसरी वाट धोंडो केशव कर्व्यांनी 1916 साली काढली. शहराबाहेर चार मैलांवर हिंगण्याला त्यांच्या महिला विद्यापीठाचे कॉलेज सुरू झाले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा सक्तीचा विषय, आरोग्य आणि गृहशास्त्रही सक्तीचे. पदवीचे नाव गृहीतागमा, म्हणजे जी. ए. गणित मात्र ऐच्छिक.

या शेवटच्या कलमापाशी मी थबकले. कर्वे स्वतः फर्ग्युसनमध्ये 1891 पासून 1914 पर्यंत गणित शिकवत होते. ज्याने दोन तपे मुलांना गणित शिकवले, त्याने मुलींना ते सोडून द्यायची मुभा दिली! त्यांचा हेतू मला कळतो. बालपणीच लग्न झालेल्या किंवा विधवा होऊन उशिरा अक्षरे गिरवणाऱ्या मुलींना त्यांनी पाहिले होते, आणि गणिताच्या एका पेपरापायी त्यांचे सारे शिक्षण खुंटावे हे त्यांना नको होते. तरीही मला हे पटत नाही. जो विषय अवघड म्हणून वगळला जातो, तो पुढच्या पिढीला आणखी अवघड होतो.

आता दुसरे घर. या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते रँग्लर र. पु. परांजपे, कर्व्यांचे नात्यातले भाऊ, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेतले 1899 चे सीनियर रँग्लर. त्यांची मुलगी शकुंतला कुठे शिकली? हिंगण्याला नाही. ती फर्ग्युसनमध्ये शिकली आणि पुढे केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजात जाऊन 1929 साली गणिताचीच ट्रायपॉस झाली. त्या केंब्रिजनेही 1948 पर्यंत मुलींना पूर्ण पदवी दिली नव्हती, हेही ध्यानात ठेवायला हवे.

शकुंतलेची हुजूरपागा शाळेतली सोबतीण इरावती करमरकर. वडील ब्रह्मदेशात इंजिनिअर, म्हणून नाव तिथल्या नदीचे. पुण्यात तिला परांजप्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले, आणि तिचे मन घडले ते या पुस्तकांच्या, वादांच्या, देव न मानणाऱ्या घरात. 1926 साली ती फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाली आणि कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी तिचे लग्न झाले. म्हणजे महिला विद्यापीठाच्या संस्थापकांची सूनबाईही मुंबई विद्यापीठाचीच पदवीधर. आणि हीच इरावती 1931 पासून 1936 पर्यंत सासऱ्यांच्या विद्यापीठाची कुलसचिव होती! विद्यापीठ आपले, पण आपल्या मुलीसुना दुसऱ्या विद्यापीठाच्या: ही विसंगती मी त्या माणसांचा ढोंगीपणा मानत नाही. घरात आधार असलेल्या मुलीला मोठी वाट परवडत होती. ज्यांना तो आधार नव्हता, त्यांच्यासाठी हिंगणे होते. पण किंमत त्याच मुलींनी मोजली, कारण या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती थेट 1951 साली.

गोदावरीच्या दृष्टीने फरक इथे पडतो. जी. ए. होऊन तिला मुंबई विद्यापीठाच्या कायद्याच्या वर्गात बसता आले नसते. ती बसली, वकिलीचे शिक्षण पुरे केले, आणि 1932 साली सत्याग्रहात तुरुंगात गेली. उदारमतवादी वडिलांना ते रुचले नाही. तिने पुणे सोडले, मुंबई गाठली, भारत सेवक समाजाची पहिली स्त्री आजीव सदस्य झाली. प्रौढ साक्षरतेचे, मग मोलकरणींच्या संघटनेचे काम केले. 1939 साली शामराव परुळेकरांशी लग्न आणि पुढे ठाणे जिल्हा. उंबरगाव तेव्हा याच जिल्ह्यात होता, आज तो गुजरातेत आहे.

तिथे तिला भेटला तो लग्नगडी: लग्नापुरते कर्ज घेऊन सावकाराकडे जन्मभर राबणारा वारली. हा गडी म्हणजे कर्ज आणि करार या दोन्हींचा प्रश्न होता, आणि ते दोन्ही तिने कॉलेजात शिकलेले विषय होते.

भाषेच्या बाबतीत मात्र मी कर्व्यांच्या बाजूची आहे. गोदावरीबाईंनी इंग्रजीतून अर्थशास्त्र शिकले, पण वारल्यांच्या उठावाचे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970 साली आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. वेठ आणि कर्जाबद्दलची त्यातली पाने वाचताना मला सारखे जाणवते, की या बाईला माणसाच्या दुःखाइतकाच त्यामागचा व्यवहारही दिसत होता.