कोरडं आम्ल गप्प का असतं?

ढोकळ्यात घालायच्या फ्रूट सॉल्टच्या पुडीत सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा महिनोन्‌महिने भांडणतंट्याशिवाय नांदतात. चमचाभर पाणी पडलं की मात्र भसाभस फेस येतो. हे पाणी नेमकं काय करतं, हे नीट कळलं तर शाळेपासून चिकटलेले बरेच गैरसमज सुटतात.

गैरसमज: आम्लात हायड्रोजन आयन आधीपासूनच भरलेले असतात.

हायड्रोजन क्लोराइड वायूत ते नसतात. पूर्ण कोरड्या वायूत कोरडा निळा लिटमस धरला तर तो निळाच राहतो. कागद ओला केला की लाल होतो. पाण्याचा रेणू हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, ओढून घेतो आणि हायड्रोनिअम आयन तयार होतो. मागे क्लोराइड उरतो. फळ्यावर आपण नुसता ‘एच प्लस’ लिहितो, ती लिहिणाऱ्याची सोय. उघडा प्रोटॉन पाण्यात सुटा राहूच शकत नाही. तो एका रेणूकडून शेजारच्या रेणूकडे सोपवला जातो, म्हणूनच विजेचं वहन तो सोडिअम आयनाच्या जवळपास सातपट करतो.

गैरसमज: सूत्रात हायड्रोजन दिसला की आम्ल, ‘ओएच’ दिसला की आम्लारी.

परीक्षेत गुण मिळवून देणारा हा ठोकताळा फार लवकर तोंडघशी पडतो. मिथेनमध्ये चार हायड्रोजन, पण पाण्याला तो एकही देत नाही. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लातही चारच. त्यातला सुटतो फक्त ऑक्सिजनला जोडलेला एक. अल्कोहोलमध्ये ‘ओएच’ आहे, तरी लाल लिटमस ढिम्म हलत नाही. उलट अमोनियात ऑक्सिजनचा पत्ता नाही आणि त्याचं द्रावण लिटमस निळा करतं.

स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने 1884 साली उप्सालाला दिलेल्या प्रबंधात काही विद्राव्य पदार्थांचे पाण्यात आयन होतात हे मांडलं. परीक्षकांनी त्याला बेताचीच श्रेणी दिली. 1903 मध्ये त्याच विचाराला नोबेल मिळालं. पण आम्लारी म्हणजे हायड्रॉक्साइड सोडणारा पदार्थ, ही त्याची व्याख्या अमोनियापाशी अडखळते. 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी स्वतंत्रपणे तोड काढली: प्रोटॉन देतं ते आम्ल, घेतं ती आम्लारी. अमोनिया पाण्याकडूनच प्रोटॉन घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन राहतो. कॉस्टिक सोड्याची गोष्ट वेगळी. त्याच्या कोरड्या गोळीतही हायड्रॉक्साइड आयन असतातच, पाणी त्यांना फक्त मोकळं करतं.

गैरसमज: सामू 7 म्हणजे उदासीन, केव्हाही आणि कुठेही.

25 अंश सेल्सिअसला हे खरं. तेव्हा शुद्ध पाण्याच्या साधारण 55 कोटी रेणूंमागे एकाचं आयनीभवन झालेलं असतं. पाणी 60 अंशांपर्यंत तापवलं तर सामू 6.5 च्या आसपास येतो. तरी पाणी उदासीनच, कारण दोन्ही आयन सारखेच वाढलेले असतात.

गैरसमज: सौम्य आम्ल म्हणजे निरुपद्रवी.

सौम्य म्हणजे थोडेच रेणू प्रोटॉन देतात, एवढंच. हायड्रोफ्लुओरिक आम्ल या हिशेबाने सौम्य, पण ते काच खातं आणि कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शिअम बांधून टाकतं. विरल आणि सौम्य यांची गल्लत तर शिकवणारेही करतात.

गैरसमज: भाजतं ते आम्ल, आम्लारीचं काय भ्यायचं?

ॲसिड म्हटलं की आपण दचकतो आणि पान-तंबाखूच्या चुन्याची डबी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवतो. चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, सामू 12 च्या वर. आम्लाने ऊतींतली प्रथिनं साकळतात आणि बहुधा तोच थर आम्लाला अडवतो. आम्लारी मात्र स्निग्धांशाचा साबण करत, ऊती विरघळवत खोल जाते. चुना डोळ्यात गेला तर ‘उदासिनीकरण’ म्हणून लिंबू पिळायला धावू नये. लगेच साध्या पाण्याची धार धरावी, पापणीखाली अडकलेला चुनाही निघेल अशी, बराच वेळ; आणि मग थेट डॉक्टरकडे.