दिवाळीला वऱ्हाडात : ऐकीव नियम आणि खरे नियम

२०२६ सालचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. धनत्रयोदशी त्याआधीच्या शुक्रवारी, म्हणजे ६ तारखेला. त्या शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघून शनिवारी सकाळी अकोल्याला किंवा बडनेऱ्याला उतरायचं असेल, तर रेल्वेचं आरक्षण ७ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता खुलं होतं. तेव्हा पोळासुद्धा व्हायचा असतो. सोयाबीन शेंगेवर असतं आणि घरी दिवाळीचा विषयही निघालेला नसतो.

हिंजवडी, चाकण, ठाणे, नवी मुंबई इथं रूम करून राहणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या किती तरी पोरापोरींची दिवाळी या एका तारखेपाशी अडते. मग ऑक्टोबरात घरून फोन येतो, "कवा येऊन रायला रे?" आणि उत्तर देता येत नाही. पैसा कमी असतो, रजा मिळत नाही, हे सगळं खरं आहे. पण बरीचशी ओढाताण चुकीच्या माहितीमुळे होते. कुणी तरी रूमवर सांगितलेलं असतं, कुणी ग्रुपवर टाकलेलं असतं, आणि त्याच भरवशावर आपण बसतो.

"आरक्षण चार महिने आधी संपतं, आता शोधून काय उपयोग?"

हा नियम जुना झाला. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. नोकरदार तरुणांना हा बदल सोयीचा आहे, कारण चार महिने आधी रजेचा अंदाज कुणालाच नसतो, दोन महिने आधी थोडाफार असतो. मात्र १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण खुलं होतानाच्या सुरुवातीच्या वेळेत आधार-पडताळणी झालेल्या खात्यांनाच ऑनलाइन तिकीट काढता येतं. तत्काळलाही १ जुलै २०२५ पासून हीच अट आहे. पडताळणीला फार वेळ लागत नाही, पण ती त्या दिवशी सकाळी करत बसलात तर तिकीट गेलंच समजा.

जाण्याचं तिकीट सगळे काढतात, परतीचं विसरतात. भाऊबीज ११ नोव्हेंबरला, बुधवारी आहे. १५ तारखेच्या रविवारी परत निघायचं तर त्याचं आरक्षण १६ सप्टेंबरला खुलं होईल. तो गणपतीचा आठवडा असेल, त्यामुळे तारीख आत्ताच लिहून ठेवा.

"वेटिंगचं तिकीट आहे, चढून जाऊ, टीसी बघून घेईल"

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. ऑनलाइन काढलेलं तिकीट तक्ता लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. त्यानंतर ते तिकीट उरतच नाही. ते दाखवून डब्यात बसणारा माणूस विनातिकीट धरला जातो. खिडकीवर काढलेल्या वेटिंग तिकिटावर जनरल डब्यातून जाता येतं, आरक्षित डब्यातून नाही. आरएसी झालं असेल तर निर्धास्त चढा, बसायची जागा हक्काची असते.

तत्काळ गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी खुलं होतं, वातानुकूलित वर्गासाठी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. इथं एक बारीक गोष्ट चुकते. हा आदला दिवस गाडी जिथून सुटते तिथला मोजतात. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडणाऱ्याची गाडी कोल्हापूरहून निघालेली असते. मध्यरात्रीनंतर गाडी धरायची असेल, तर तारखेचा हिशेब नीट करावा.

"अमरावतीची गाडी भरली म्हणजे रेल्वेचा रस्ता बंद"

अमरावती स्थानक फाट्यावर आहे. मुंबई-हावडा मुख्य मार्गावरचं जंक्शन बडनेरा, आणि तिथून अमरावती शहर साधारण १० किलोमीटर. मुंबई-अमरावती एक्स्प्रेस भरली असली तरी विदर्भ एक्स्प्रेस, सेवाग्राम एक्स्प्रेस आणि नागपूरकडे जाणाऱ्या इतर गाड्या आहेत. दर्यापूर, अंजनगाव, कारंजाकडच्या मंडळींनी मूर्तिजापूरही शोधून पाहावं. अॅपवर फक्त 'अमरावती' टाकून, लाल अक्षरं पाहून फोन ठेवून देणारे अनेक जण असतात.

शिवाय मध्य रेल्वे दिवाळीसाठी पुणे-नागपूर आणि मुंबई-नागपूर विशेष गाड्या सोडते. त्या ६० दिवस आधी यादीत दिसत नाहीत, पुढं जाहीर होतात. सप्टेंबरात हुकलं म्हणून आशा सोडू नका, ऑक्टोबरभर बातम्यांवर नजर ठेवा.

"ट्रॅव्हल्सवाले सणात मागतील तो भाव द्यावाच लागतो"

नाही, द्यावा लागत नाही. खासगी बसच्या भाड्याला सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये कमाल मर्यादा घातली आहे. त्याच प्रकारच्या एसटी बसचं प्रतिकिलोमीटर जे भाडं असेल, त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. गर्दीच्या हंगामातही नाही. दोन-अडीचपट पैसे घेतले तर तिकीट किंवा स्क्रीनशॉट जोडून आरटीओकडे तक्रार करता येते. कार्यालयं पुण्यातही आहेत आणि अमरावती-अकोल्यातही.

तक्रार करून काय होणार, असं सगळे म्हणतात. मला हे पटत नाही. सणात तपासणी पथकं रस्त्यावर उतरतात आणि परमिटवर कारवाई होते, पण त्यासाठी कुणीतरी लेखी काही दिलेलं असावं लागतं. पहिला पगार हातात आलेल्या पोरानं जाण्यायेण्यावर त्यातला मोठा हिस्सा घालवायचा आणि आईसाठी साडी घ्यायला पैसे उरू नयेत, हे निमूट सोसण्याचं काही कारण नाही.

पोरींनी तर आधी एसटी पाहावी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या बसमध्ये भाड्यात ५० टक्के सवलत आहे. "ती फक्त साध्या लाल बसला असते" असं अजूनही ऐकू येतं, ते चूक आहे. पुण्यात वाकडेवाडीच्या शिवाजीनगर स्थानकावरून वऱ्हाडाकडच्या गाड्या सुटतात.

"समृद्धी झाला, आता बाइकवरच निघायचं"

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. गाडी भाड्यानं घेऊन चौघं मिळून जाणार असाल, तर हा रस्ता अकोला किंवा अमरावती शहरातून जात नाही हे लक्षात ठेवा, उतरून पुढं साध्या रस्त्यानं यावं लागतं. आणि ऑफिस सुटल्यावर रात्रीच स्टीअरिंग हाती घेऊ नका. सरळ, एकसुरी रस्त्यावर थकलेल्या माणसाला झोप लागल्याचं कळतही नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसमध्ये २५ जण गेले. त्यात आपल्यासारखीच शिकायला, नोकरीला निघालेली पोरं होती.

प्रवासाबद्दलच आणखी एक : फटाके शहरातून घेऊन रेल्वेनं नेण्याचा विचार करत असाल तर तो सोडा. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

"रजा आणि बोनस, दोन्ही साहेबाच्या मर्जीवर"

इथं जरा थांबून बोलायला हवं, कारण नव्या नोकरीत विचारायलाच संकोच वाटतो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी वर्षाला ८ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगारांनी स्थानिक परंपरा पाहून वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या असतात. अशा सुट्टीला कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली रजा मिळते. शिवाय ८ दिवसांची किरकोळ रजा आहे ती वेगळी.

या चार सुट्ट्यांमध्ये वऱ्हाडाच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे. सुट्टीचा हंगाम म्हणजे दिवाळीच, असं शहरातली ऑफिसं धरून चालतात. पण धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू तरुणाला घर आठवतं ते होळीला. मेळघाटातून कामासाठी बाहेर पडलेली माणसं होळीला गावी परततात, कित्येक दिवस फगवा चालतो, आणि त्या वेळी त्याच्या हाती रजा नसते. अकोल्याच्या बौद्ध घरातल्या मुलीला अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचं असतं. अचलपूरच्या मुलाला ईदला घरी पोचायचं असतं. यांना दिवाळीची सुट्टी देऊन वर "तुम्हाला सुट्टी दिली की" म्हणणं हा न्याय नाही. डिसेंबरातच आपला सण लेखी कळवा. सगळ्यांच्या यादीत नाही बसला, तरी दिवाळीत तुम्ही काम करण्याच्या बदल्यात त्या दिवशीची रजा मागता येते. बहुतेक ठिकाणी दिवाळीत थांबणारा माणूस हवाच असतो.

बोनसही दया म्हणून मिळत नाही. ज्या आस्थापनांना आणि ज्या वेतनमर्यादेला बोनसाची तरतूद लागू आहे, तिथं किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानं द्यावा लागतो, आणि त्या वर्षात ३० दिवस काम केलेला माणूसही त्याला पात्र ठरतो. "तू तर नवीनच लागला" हे उत्तर पुरेसं नाही. मात्र ही टक्केवारी तुमच्या पूर्ण पगारावर मोजली जाईलच असं नाही, हिशेबाला मर्यादा आहे. मिळणारी रक्कम अंदाजापेक्षा कमी निघू शकते, म्हणून ती हाती येण्याआधी खर्च करून बसू नका.

"नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे बिनव्याजी"

घरी फ्रिज घेऊन द्यावा, वडिलांना फोन घ्यावा, ही इच्छा चांगली आहे. पण या योजनेत बँक व्याज लावते, आणि विक्रेता तेवढी सूट आधी देऊन ते भरून काढतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो, वर बहुतेकदा प्रक्रिया शुल्कही. रोखीनं घेतलं असतं तर तीच सूट मिळाली असती का, हे दुकानात आधी विचारा. आणि भाऊबीजेला बहिणीसाठी सोन्याचं काही घेणार असाल, तर नुसता ९१६ चा शिक्का पुरत नाही. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो, तो बीआयएस केअर अॅपवर दुकानातच तपासता येतो.

"दिवाळीला गेलो नाही म्हणजे घरच्यांना तोडलं"

ही समजूत सगळ्यात जास्त दुखवते. नर्सिंगच्या मुली, हॉटेलात, कारखान्यात, कॉल सेंटरला लागलेली पोरं, यांना त्या चार दिवसांत सुटका नसते. वऱ्हाडात दिवाळीच्या सुमारास शेतात सोयाबीनची मळणी आणि कपाशीची वेचणी चालू असते. आईवडिलांचाही अर्धा दिवस वावरातच जातो. भाऊबीज झाली की गर्दी ओसरते, गाड्यांना जागा मिळते, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत दिवाळी असतेच. अनेक घरांत बहीण उशिरा आली तर भाऊबीज तेव्हा करतात. तारीख सांगून चार दिवस उशिरा गेलेला मुलगा, सणाच्या रात्री तंटा करून परतलेल्या मुलापेक्षा घराला बरा.

जे रूमवरच थांबणार आहेत, त्यांनी मेसवाल्याला सुट्ट्या आधी विचाराव्यात आणि खाडे लावून घ्यावेत, म्हणजे पैसेही वाचतात आणि ऐन लक्ष्मीपूजनाला उपाशी राहायची वेळ येत नाही. एकटेपणा फार जड झाला, झोप-जेवण सुटलं, तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते, मराठीतून बोलता येतं. 'एवढ्याशासाठी काय फोन करायचा' असं मनात आलं तरी करावा.

आणि अमरावती-अकोल्याच्या घरमालकांना एक विनंती. विद्यापीठासाठी, कृषी विद्यापीठासाठी, स्पर्धा परीक्षेसाठी तुमच्या वरच्या मजल्यावर राहणारा मेळघाटचा, वाशिमचा, बुलडाण्याचा मुलगा दिवाळीत थांबलेला दिसला, तर भाड्याचा विषय त्या आठवड्यात काढू नका आणि लक्ष्मीपूजनाला त्याला खाली जेवायला बोलवा.