ऊन वाढलं, जपून राहा

होळी झाली. पळस फुलून गेला. मोहाची फुलं पडू लागली. हरसूलच्या डोंगरात आता ऊन तापू लागलं. झरे आटतात. बायांना पाण्यासाठी लांब जावं लागतं. कितीएक माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत राबतात. अशा वेळी तब्येत कशी सांभाळावी?

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होतं. वाग्भट नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. 'अष्टांगहृदय' हा त्यांचा ग्रंथ. उन्हाळ्यात हलकं, पातळ आणि थंड खावं, तिखट कमी खावं, ऊन टाळावं, असं त्यात सांगितलं आहे. दूर चीन देशातले लोकही उन्हाळ्यात हिरवे मूग शिजवून त्याचं पातळ पाणी पितात. देश वेगळा, पण शहाणपण एकच!

आपली नागलीची आंबीलही तशीच. नागलीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवावं. सकाळी शिजवावं. निवल्यावर ताक आणि थोडं मीठ घालावं. घामावाटे अंगातलं पाणी आणि मीठ जातं. आंबिलीनं ते परत मिळतं, पोटालाही आधार होतो.

कामाला जाताना डोक्याला फडकं बांधा. पाणी बरोबर घ्या. तहान लागायची वाट पाहू नका, घोट घोट पीत राहा. जड काम सकाळी उरका. झऱ्याचं पाणी उकळून, गाळून प्या. जुलाब झाले तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजा.

माझ्या ओळखीचा एक गडी खिशात कांदा ठेवून कामाला गेला. कांदा आहे, मग ऊन कसं लागेल? असं त्याला वाटलं. पाणी काही तो प्याला नाही. दुपारी अंग तव्यासारखं तापलं. तो बरळू लागला आणि पडला. सोबत्यांनी त्याला सावलीत नेलं, अंगावर पाणी ओतलं, वारा घातला, लगेच दवाखान्यात पोचवलं. म्हणून तो वाचला. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. कांदा भाकरीबरोबर खावा!

असं कुणाला झालं तर भगताकडे नेण्यात वेळ घालवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. १०८ नंबरला फोन करा. गाडी येईपर्यंत अंग ओलं ठेवा.

जुनं चांगलं ते धरावं, नवं कामाचं ते शिकावं. हा धडा घरी सगळ्यांना वाचून दाखवा.